चिंगळीची मिटलेली मूठ

मी एक जुनी कप्पी आहे, मित्रांनो. विहिरीच्या तोंडावर टांगलेलं लोखंडी चाक असतं ना, ज्याच्या खाचेतून दोर सरसरत जातो आणि दोराच्या टोकाला हंडा झुलतो, ते चाक म्हणजे मी. तुमच्यातल्या पुष्कळांनी माझ्यासारखी कप्पी पाहिलीच नसेल. घरोघरी नळ आले आणि आम्ही उतरलो. माझ्या अंगावर गंज आहे, माझी आस झिजली आहे आणि मी फिरताना करकरते. पण त्या करकरीत एक गोष्ट अडकून राहिली आहे. ती सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचं नाही.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला. लधाराम शेठ नावाच्या एका सिंध्याचं तिथे पत्र्याचं छोटं वर्कशॉप होतं. मोडक्या शिलाई मशिनांचं, फुटक्या वजनांचं लोखंड वितळवून त्यानं मला ओतलं. खरवई गावचा हरिचंद्र नावाचा शेतकरी मला घ्यायला आला, तेव्हा शेठनं मला बोटावर गरागरा फिरवून दाखवलं.

"देख साईं, कैसी फिरती है! तुझी बायको पाणी काढताना गाणी म्हणेल गाणी."

"गाणी नको शेठ, दोर सटकला नाय म्हंजे झाला," हरिचंद्र म्हणाला, आणि मला सायकलच्या कॅरियरला बांधून बदलापूरच्या वाटेला लागला. ते साल होतं ब्याऐंशी.

हरिचंद्राच्या अंगणात काळ्या दगडानं बांधलेली जुनी विहीर होती. तिच्या काठाला शेंदूर फासलेले सात लहान गोटे होते. ते साती आसरांचे. आसरा म्हणजे पाण्यातल्या पऱ्या, मित्रांनो. माणसांना त्या दिसत नाहीत. मला मात्र पहिल्याच दिवशी दिसल्या, कारण माझं तोंड कायम खाली पाण्याकडे. हिरव्या पाण्यात केस पसरून त्या सहा जणी शांत बसलेल्या असत. सातवी मात्र एका जागी ठरेल तर शपथ! ती सगळ्यांत धाकटी. कोळंबीच्या पिल्लासारखी टुणटुण उडायची, म्हणून बहिणी तिला चिंगळी म्हणत.

आसरांचा एक नियम होता. लोखंडाला शिवायचं नाही. शिवली की आसरा मिठासारखी विरघळते. त्यामुळे चिंगळीला माझा भारी राग. "ही काळी म्हातारी कुणी टांगली आमच्या आभाळात?" असं म्हणून ती माझ्यावर ओंजळी ओंजळी पाणी उडवी. मला गंज चढावा म्हणून! हंडा वर येऊ लागला की खालून दोराला असा हिसका देई, की तो माझ्या खाचेतून निसटे.

तिचा सगळ्यांत लाडका खेळ आवाजांचा. विहिरीत तोंड घालून हाक मारली की विहीर हाक परत देते, हे तुम्हाला ठाऊक आहे. चिंगळी मात्र भलत्याच्याच आवाजात परत देई. कुणाच्या सासूचा आवाज काढी, कुणाच्या नवऱ्याचा. बायका दचकत, हंडे टाकून घराकडे पळत, आणि ही पाण्यात लोळून लोळून हसे. थोरली आसरा तिला सांगे, "बाई गं, दुसऱ्याचा आवाज म्हणजे दुसऱ्याचं लुगडं. न विचारता नेसू नये." पण ऐकते कोण?

त्या विहिरीवर हरिचंद्राच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी एक पोरगी पाणी भरायला येई. तिचं नाव भागीरथी. सगळे भागी म्हणत. तिचा बाप अंबरनाथच्या कारखान्यात होता आणि आई रखमा कॅम्प पाचमधून पँटींचे गठ्ठे आणून घरी धागे कापत बसे. भागी सातवीत होती. ती दोर ओढे तो एका लयीत, हिसका न देता. मला दुखू नये अशा बेतानं. कधी शाळेतल्या कविता म्हणे, कधी माझ्याशीच बोले, "काय गं कप्पे, आज घसा बसला वाटतं?" आणि घरातलं चमचाभर गोडं तेल आणून माझ्या आसेला लावी. माझ्या साऱ्या आयुष्यात माझी अशी विचारपूस दुसऱ्या कुणी केली नाही.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात हरिचंद्राच्या बायकोला, कमळाबाईला, मुलगा झाला. अनंता त्याचं नाव. बाराव्या दिवशी बाळंतिणीनं विहिरीची पूजा करायची, आसरांना द्रोण सोडायचा, म्हणजे त्या बाळावर माया करतात, अशी त्यांची रीत. द्रोणात हळदीचा भात, हिरव्या बांगड्या, चोळीचा खण. तो एकदा पाण्यात सोडला की त्यात कुणी डोकावायचं नाही. आसरांच्या ताटात नजर घालणं म्हणजे मोठा अपराध.

कमळाबाईची सासू गोदूबाई घरची कर्ती. तिनं पेटीतली आपली नथ काढून सुनेच्या नाकात घातली. "माझे आयेची हाय. जीवापाड संबाळ," असं बजावून. कमळाबाई हळवी बाई, पण सासूपुढे तिचा आवाज फुटत नसे. पूजेचं ताट धरायला तिनं भागीलाच बोलावलं.

रखमा दारातून म्हणाली, "आम्ही बुद्धाची माणसं, कमळावैनी. आमच्यात विहिरी नाही पुजत."

"पूजा मी करते ना! तिनं नुसता ताट धरायचा. बाळाला बघून हसेल तरी कोणी. आमच्या आत्याबाय हसतात काय कधी?" कमळाबाई सासूकडे चोरून बघत हळूच म्हणाली, आणि रखमाला हसू आलं. भागी गेली.

बायकांनी ओवी धरली:

विहिरीच्या गं पाण्याला | किती मी सांगू बाई |
माझ्या गं तान्ह्याची | सावली मोडू नाही ||

कमळाबाई द्रोण सोडायला वाकली. घामानं ओल्या नाकातून नथ सुटली आणि अलगद हळदीच्या भातात रुतली. तिला कळलं नाही. ताट धरलेल्या भागीला कळलं नाही. मी लोखंडाची असून मला दिसलं, आणि चिंगळीला दिसलं. द्रोण पाण्यावर टेकला तशी तिनं झडप घालून नथ उचलली. द्रोणातलं ते आपलं, अशीच तिची समजूत. मोत्यांकडे बघून ती नाचायला लागली. आणि त्या आनंदाच्या भरात तिला खोडी सुचली. तिनं हुबेहूब रखमाच्या आवाजात हाक मारली:

"भागेऽऽ! ये गं घरी! लवकर ये!"

आईची हाक म्हटल्यावर भागीनं ताट काठावर ठेवलं आणि ती पळत सुटली.

तेवढ्यात गोदूबाईचं लक्ष सुनेच्या नाकाकडे गेलं.

मित्रांनो, पुढचं सांगताना माझी आस जड होते. सगळं अंगण शोधलं, केरसुणीनं झाडलं, शेणातही हात घालून पाहिलं. द्रोणात मात्र कुणी डोकावलं नाही. मग गोदूबाईच्या ध्यानात आलं, की सुनेच्या नाकाखाली ताट धरून उभी होती ती पोरगी. आणि पूजा उरकायच्या आतच ती पळाली. का पळाली?

"आईनं हाक मारली म्हणून," भागी म्हणाली.

"काय गो रखमे, तू बोलावलंस हिला?"

रखमा खोटं बोलणारी बाई नव्हती. तिनं लेकीकडे बघितलं, मान खाली घातली आणि म्हणाली, "नाही. मी नव्हतं बोलावलं."

"आई, अगं तुझाच आवाज होता!"

"मी धागे कापत होते, भागे. तोंडातून शब्द नव्हता काढला."

अंगणात कुणी काही बोललं नाही. त्या गप्प बसण्यानंच भागीला चोर ठरवलं. कमळाबाई बाळाला छातीशी धरून उभी होती, तिचे ओठ हलले, पण सासूनं नुसतं वळून पाहिलं आणि ते मिटले.

रखमानं लेकीची वेणी, दप्तर, फ्रॉकचे खिसे सगळ्यांसमोर उलटे करून दाखवले. मग पदर खोचून म्हणाली, "हरिभाऊ, विहीर उपसा. माझ्या लेकीजवळ नाही, म्हणजे पाण्यात असणार. उपसा विहीर, सगळ्या गावादेखत."

हरिचंद्रानं डिझेलचं इंजिन लावलं. दिवसभर ते धडधडत राहिलं. पाणी खाली खाली गेलं, आणि सहा आसरा तळाच्या झऱ्याच्या तोंडाशी दाटीवाटीनं बसल्या. चिंगळी मात्र कपारीत शिरली, मूठ गच्च आवळून. आता तिला कळलं होतं, की ही नथ आपल्याला दिलेली नव्हती. तिच्या हाकेनं काय केलं, तेही कळलं होतं. नुसती मूठ उघडायची होती. नथ गाळात पडली असती, फावड्याला लागली असती, आणि संपलं असतं. पण बहिणी रागावतील, ह्या भीतीनं तिनं मूठ उघडली नाही.

मी वरून ओरडत होते, "सोड गं चिंगळे, सोड!" पण माझं ओरडणं म्हणजे काय? करकर! गाळाची टोपली वर ओढता ओढता हरिचंद्र वैतागला. "कप्पीला तेल घाला रे कोणीतरी! डोका उठवला हिनं."

कुणीतरी माझ्या आसेत भसाभसा तेल ओतलं. मी गप्प झाले.

गाळात बांगड्यांचे तुकडे निघाले, एक पळी निघाली, पोरांच्या गोट्या निघाल्या. नथ निघाली नाही. सगळ्यांदेखत विहिरीनं भागीविरुद्ध साक्ष दिली.

"आता आमचे हिरीवर याचा नाय," गोदूबाई म्हणाली.

"येणारही नाही. आणि तुमच्या खोलीतही राहणार नाही," रखमा म्हणाली. तिनं आपला रिकामा हंडा पालथा घातला आणि त्यातला शेवटचा थेंब अंगणात झटकून टाकला.

महिना संपायच्या आत त्यांनी बिऱ्हाड हलवलं, रेल्वेच्या पलीकडे, हेंद्रेपाड्यात. तोवर भागी नदीवरून पाणी आणायची. आमच्या कुंपणाच्या कडेनं जाताना गल्लीतली पोरं ओरडायची, "भागी आली भागी, नाकं झाका आधी!" ती मान वर करून माझ्याकडे एकदा बघायची. रडायची नाही. मला ते जास्त लागायचं.

पाणी पुन्हा भरलं तेव्हा थोरल्या आसरेनं चिंगळीची मूठ पाहिली. ती ओरडली नाही, मारलंही नाही. म्हणाली, "तुझ्या आवाजानं एका पोरीचं नाव बुडालं. आजपासून तुझा आवाज माणसांना ऐकू जायचा नाही. ज्या लोखंडाला तू छळलंस, तेवढंच तुझं ऐकेल. आणि ती पोर ह्या विहिरीचं पाणी आपल्या मनानं पिईल, तोवर तुला झऱ्याची वाट बंद."

आषाढात झरे फुगले, तशा सहा जणी पाण्याच्या वाटेनं नदीला निघून गेल्या. चिंगळी झऱ्याच्या तोंडाशी गेली, तर तिला समोर नुसता दगड लागला.

मग ती माझ्याशी बोलायला लागली. दुसरं होतं कोण?

"कप्पे, मी नथ परत देते. हंड्यात टाकते. मग ती येईल ना?"

"येईल," मी म्हटलं. मला तेव्हा माणसांची पुरती ओळख नव्हती.

दिवाळीच्या सुमारास एका दुपारी कमळाबाई एकटीच पाण्याला आली. लोखंडी बादलीला चिंगळी शिवू शकत नव्हती, पण त्या दिवशी पितळेची कळशी होती. तिनं नथ हळूच आत सोडली. कळशी वर आली. कमळाबाईनं पाण्यात पाहिलं आणि चटकन आत हात घातला. नथ तळहातावर घेऊन तिनं उलटसुलट पाहिली. हळदीनं माखलेली नथ. म्हणजे ती द्रोणात पडली होती, म्हणजे आपल्याच नाकातून सुटली होती, हे तिला एका क्षणात उमगलं. आनंदानं ओरडायला तिनं तोंड उघडलंसुद्धा.

घरातून गोदूबाई खोकली. "कमळे! पानी काढतंस का हीर खनतंस?"

कमळाबाईनं नथेवर मूठ आवळली. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आणि नथ परत विहिरीत टाकली.

डुब्.

चिंगळीनं ती झेलली. "कप्पे, तिनं परत का टाकली?"

"घाबरली."

"कशाला?"

"विहीर उपसली तेव्हा तू ज्याला घाबरली होतीस, त्यालाच."

चिंगळी नथ घेऊन पुन्हा कपारीत जाऊन बसली.

वर्षं गेली, मित्रांनो. खरवईच्या शेतांवर चुन्याच्या रेघा पडल्या, मग खांब उभे राहिले, मग बिल्डिंगी. ओढ्याला कुठून कुठून फेस यायला लागला. कधी निळा, कधी तांबडा. त्याचा वास विहिरीपर्यंत येई. चिंगळी झऱ्यातून येणारा थेंब न् थेंब आपल्या केसांतून गाळून घेई. तिचे केस राठ झाले, रंग उडाला.

"कोणी पीत नाही हे पाणी. कशाला एवढं करतेस?" मी विचारलं.

"ती आली तर? तिला घाण पाणी देऊ?"

घरात नळ आला आणि अंगणात यायचं सगळ्यांनी सोडलं. माझ्यावर जळमटं धरली. खाचेतला काथ्याचा दोर सडायला लागला. एका चिमणीनं माझ्या आडव्या तुळईवर घरटं केलं, तेवढीच सोबत. अनंता मोठा होऊन सायकल फिरवू लागला. गोदूबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. कमळाबाई विहिरीजवळून जाताना कायम पदर तोंडाशी धरी. जणू विहीर तिला हाक मारील!

शहाण्णव सालच्या थंडीत हरिचंद्रानं अंगणासकट जागा बिल्डरला दिली. विहीर राबिटानं, म्हणजे पाडलेल्या भिंतींच्या विटामातीनं, बुजवायची ठरली. गोदूबाई हटून बसली, "आदी आसरांना द्रोण सोडा, त्यांची रजा घ्या. मंग काय ता करा." म्हणून एका रविवारी सकाळी पूजा मांडली.

त्याच रविवारी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पोलिओच्या डोसाचं टेबल लागलं होतं. गावातल्या बायका पोरं घेऊन रांगेत उभ्या होत्या. टेबलामागे बर्फाचा डबा घेऊन एक नर्सबाई बसली होती. तिनं मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या गंजलेल्या अंगात काहीतरी हललं.

"चिंगळे! भागी आली!"

कमळाबाईनंही तिला ओळखलं होतं. ती पाण्याचा पेला घेऊन गेली. "उन्हाचं बसलीस, पाणी घे."

"नको, माझी बाटली आहे," भागी म्हणाली. आवाज साधा होता, पण पेला तसाच परत आला.

पाण्यातून चिंगळी म्हणाली, "कप्पे, तुझ्यात दोर आहे अजून?"

"आहे. कुजका."

"माझं ओझं पेलेल?"

मला कळलं आणि मी घाबरले. "वेडी आहेस का? दोर माझ्याच खाचेत संपतो. मी लोखंड आहे, चिंगळे. मला शिवलीस तर विरघळशील."

"कळशीत टाकली तर पुन्हा पाण्यात जाईल. उद्या राबीट पडलं की नथही गाडली जाईल आणि तिचं नावही. तेव्हा मूठ उघडली नाही गं मी. आता उघडते. अशा जागी, की कुणाला झाकता येणार नाही."

ती दोराला लटकली आणि चढू लागली. पाण्याबाहेर तिला श्वास पुरेना. तिच्या अंगावरून टपटप पाणी गळत होतं, आणि प्रत्येक थेंबागणिक ती लहान होत होती. तिला थांबव म्हणून मी दोराला सांगितलं, चिमणीला सांगितलं. कोण ऐकणार? ती माझ्याजवळ पोचली. लोखंडाला भिणारी ती पोर, तिनं आपला गार तळहात माझ्या कडेवर ठेवला.

"म्हातारे, तुला फार छळलं मी," ती म्हणाली. आणि तिनं मूठ उघडली.

नथेचा फासा माझ्या खाचेत अडकला. कुणी दोराला हात लावला नव्हता, तरी मी फिरले. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी करकरले.

"कोन पानी काडताय?" आंधळी गोदूबाई दचकली.

"कोणी नाय, आत्याबाय," कमळाबाई म्हणाली.

"मंग कप्पी कशाला बोलते?"

कमळाबाईनं वर पाहिलं. माझ्या खाचेत नथ लोंबत होती, मोत्यांना अजून हळद होती. सासूला दिसत नव्हतं. हरिचंद्र बिल्डरच्या माणसाशी बोलत होता. भागीची पाठ होती. हात लांब केला की नथ मुठीत, आणि मूठ पदराखाली. पुन्हा कुणाला काही कळलं नसतं. कमळाबाईनं हात लांब केला. तिनं नथ काढून घेतली. तिची मूठ मिटली.

मित्रांनो, मी आयुष्यभर ओझी ओढली, पण त्या क्षणाइतकं जड मला काही वाटलं नाही.

मग कमळाबाईनं हाक मारली. तिच्या गळ्यातून एवढा मोठा आवाज निघालेला त्या घरानं कधी ऐकला नव्हता.

"भागेऽऽ! ये गं इथं! लवकर ये!"

भागी ताडकन उठली. बारा वर्षांपूर्वी अशाच हाकेनं तिला इथून पळवलं होतं. आता ती हळूहळू चालत आली. कमळाबाईनं तिच्यापुढे मूठ उघडली.

"तू नव्हती घेतलीस. ही माझ्या नाकातून द्रोणात पडली होती. मला त्याच दिवाळीला सापडली, कळशीत. मी परत टाकली, भागे. आत्याबाय मला घराबाहेर काढतील म्हणून मी... तुला बाहेर राहू दिलं."

रांगेतल्या बायका माना वळवून बघू लागल्या. गोदूबाईनं चाचपडत हात पुढे केला. नथ बोटांनी पाहिली, मोती मोजल्यासारखे फिरवले, मग फासा दातांशी नेला. "हीच. हा फासा माझे आयेनं दातानं वाकवलेला. अजून वाकडाच हाय." ती मटकन काठावर बसली. "पोरी, माझी जीब जलो."

"जीभ जळून काय होणार, आजी?" भागी म्हणाली. तिनं नथेकडे पाहिलंसुद्धा नाही. "त्या जिभेनं जिथं जिथं सांगितलंत ना, तिथं तिथं आता खरं सांगा. माझी आई अजून आरशासमोर उभी राहून विचारते, मी हाक मारली होती का गं, आणि विसरले? तिलाही सांगा."

गोदूबाई उठली. तिनं अनंताच्या खांद्यावर हात ठेवला, आणि डोसाच्या रांगेत एकेका बाईपुढे जाऊन नथ दाखवली. "ही आमचेच हिरीत होती. रखमाचे पोरीनं नाय घेतली. मी खोटा बोल्ले." दर बाईपुढे तेच शब्द, तेवढ्याच मोठ्यानं. शेवटाला आवाज बसला, तरी ती थांबली नाही.

कमळाबाई पुन्हा पेला घेऊन आली. भागीनं तो बाजूला सारला. "नळाचं नको. आणि तुमच्या हातचंही नको, आज तरी नको. मीच काढते."

तिनं कळशी बांधली आणि दोर सोडला. तीच लय, हिसका न देता. कुजका दोर कसा टिकला देव जाणे! पाणी वर आलं, तिनं वास घेतला, उन्हात धरून पाहिलं. काचेसारखं निर्मळ. "कोण गाळतं हे?" ती पुटपुटली, आणि ओंजळीनं पोटभर प्यायली.

तेव्हा खाली तळाशी झरा बुडबुडला. बंद दगडामागून पाण्यानं वाट काढल्यासारखा. चिंगळी नदीला मिळाली, की माझ्या लोखंडावर विरघळली? मला माहीत नाही. माझ्या कडेवर एक ओला तळहात उमटला होता, तो वाळायला फार वेळ लागला. तिच्यासाठी मी मनातल्या मनात एक ओवी जोडली:

मूठ गं उघडली | झऱ्याला आली वाट |
एकाच घोटानं | भरला माझा काठ ||

विहीर वाचली नाही. दुसऱ्या दिवशी राबिटाचे ट्रक आले. कमळाबाई भागीला नथ देऊ लागली. ती म्हणाली, "मला नको. ही कप्पी द्या. एवढी वर्षं हीच खरं बोलत होती."

आता मी हेंद्रेपाड्यात दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत टांगलेली आहे. रखमाचे गुडघे दुखतात, जिना उतरवत नाही. भाजीवाला खाली टोपलीत मेथी ठेवतो, आणि ती मला ओढून टोपली वर घेते. गोदूबाई एकदा रिक्षा करून आली होती. खालीच उभी राहून, वर न येता, तिनं मोठ्यानं सांगितलं, "रखमेऽ, तू नव्हती हाक मारलीस!" रखमानं त्या दिवशी टोपली वर ओढली नाही. दोर तसाच कठड्याला बांधून, रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत ती खाली वाकून बघत राहिली.

कधी कधी मी फिरते तेव्हा माझ्या करकरीत एक दुसराच आवाज मिसळतो, बारीक, टुणटुण उडणारा. तो आता कुणाच्याही आवाजासारखा नाही. तो तिचा स्वतःचा आहे.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला एवढंच मागते. तुमच्या मुठीत दुसऱ्याचं नाव अडकलं असेल, तर विहीर उपसत असतानाच मूठ उघडा. बारा वर्षं थांबू नका. तोवर कुणाचं तरी लहानपण नदीवरून पाणी वाहण्यात संपतं. आणि जुन्या वस्तू करकरल्या तर त्यांना तेल जरूर घाला. पण घालायच्या आधी जरा थांबून ऐका, त्या काय सांगतायत ते.

खालून भाजीवाल्यानं हाक दिली आहे. रखमानं दोर हातात घेतला. आता मला फिरायला हवं.